एकशेसत्त्याऐंशी कोणाचे

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

नऊ वर्षांनी पत्र लिहायचं तर विषय तितकाच भारदस्त हवा, म्हणून हातमोज्यांबद्दल लिहिते.

आमच्या हॉस्पिटलच्या भांडारात गेल्या महिन्यात दिवाणखान्याएवढ्या खोलीभर हातमोजे आले. सगळे आठ नंबरचे. माझा हात साडेसहाचा, तुझ्यासारखाच. आपल्याकडे बायकांचे हात लहान आणि जिभा मोठ्या. मी भांडारपालाला तीन अर्ज दिले. पहिल्यावर तो म्हणाला, बघतो. दुसऱ्यावर म्हणाला, बघितलं. तिसरा अर्ज त्याने चहाच्या कपाखाली ठेवला, त्यामुळे निदान टेबलावर डाग तरी पडला नाही. मी हात वाढवून घ्यावेत असं त्याने लेखी कळवलेलं नाही, एवढाच त्याचा मोठेपणा. तर मी, निर्जंतुकीकरण विभागाची प्रमुख, बावीस वर्षांचा अनुभव असलेली बाई, रोज सकाळी पाहुण्याच्या सदऱ्यात शिरलेल्या पोरासारखी त्या मोज्यांत शिरते. प्रत्येक बोटाच्या टोकाला अर्धा इंच रबर रिकामं लोंबतं. कात्री उचलायला जावं तर मोजा आधी पोचतो, बोट मागून येतं.

याचा परिणाम व्हायचा तो काल झाला. किरकोळ. बोट वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतलं, पिळलं नाही, नियमाप्रमाणे वहीत लिहिलं. सांगण्यासारखं काही नाही.

तुझा फोन माझा नंबर ओळखतो आणि गप्प बसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र लाँड्रीच्या काकांबरोबर पाठवते. तुमच्या आणि आमच्या हॉस्पिटलच्या चादरी एकाच ठिकाणी धुतल्या जातात, हे किती बरं! आपल्या दोघींचं नाही जमलं, पण चादरींचं जमतं.

आता एक साधी चौकशी. बावीस वर्षांपूर्वी आपल्याला हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस मिळाले होते. नंतर दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडीचा आकडा कार्डावर लिहिला होता, शेवटच्या रकान्यात. तुझ्या कार्डावर तो आकडा किती आहे? सहज विचारते. माझा एकशेसत्त्याऐंशी आहे.

कळव. घाई नाही.

तुझी बहीण
(विभागप्रमुख, आठ नंबर)

४ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

घाई आहे.

काका म्हणाले, पत्र तुझ्या हातात दिलं, तू एप्रनच्या खिशात घातलंस आणि कपड्यांची यादी तपासायला लागलीस. म्हणजे वाचलं असशील. तुला यादी अर्धी टाकून जायची सवय नाही.

काल मी 'किरकोळ' लिहिलं, ते तसं नव्हतं. सोमवारी दुपारी वरच्या वॉर्डातून ड्रेसिंगचा ट्रे आला. गॉझच्या बोळ्यात टाके घालायची वाकडी सुई कोणीतरी विसरलं होतं. मी बोळा उचलला, मोज्याचं रिकामं टोक हेलपाटलं आणि सुई सरळ तर्जनीत. रक्ताचा थेंब आला. मोठा नव्हता, पण होता. मग मी ट्रेवरची पट्टी पाहिली. पिवळी. पिवळी पट्टी आमच्याकडे कोणत्या पेशंटच्या ट्रेला लावतात हे तुला सांगायला नको. पेशंटचं नाव मला माहीत नाही, पण त्याचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. बाकी दोन तपासण्या, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीच्या, स्वच्छ आल्या. तेवढीच देवाची कृपा, तीही हप्त्याने.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, ते अजून परतलेलं नाही.

कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात जो डॉक्टर बसतो त्याला सगळे 'हरकत नाही' म्हणतात. कोणी रजा मागितली तरी हरकत नाही, कोणी चक्कर येऊन पडलं तरी हरकत नाही. त्याने माझं रक्त घ्यायला लावलं. मी आडवी पडून, भिंतीकडे तोंड करून सतराचा पाढा म्हणत होते, सतरा सक्काला संपलं. दिवसभर लोकांच्या रक्ताची हत्यारं धुणारी बाई स्वतःच्या रक्ताला घाबरते, यावर इथे बरेच विनोद आहेत. त्यातले चांगले माझेच आहेत.

आज रिपोर्ट आला. अँटीबॉडी चार. दहाच्या वर असायला हवी.

डॉक्टरने माझं जुनं कार्ड पाहिलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. मी म्हटलं, चार आहे डॉक्टर, चार. तो म्हणाला, अहो आकडा उतरतोच. निरोगी माणूस एकदा दहाच्या वर गेला की पुढे आकडा शून्यावर आला तरी शरीराची आठवण राहते. विषाणू आत आला की शरीर त्याला ओळखतं आणि आठवड्याभरात फौज उभी करतं. तो रोग यायला निदान दीड-दोन महिने घेतो, फौज आधी पोचते. तीस वर्षांपर्यंत लोकांना तपासलंय, टिकलेलं आहे. म्हणून निरोगी माणसाला दर पाच-दहा वर्षांनी बूस्टर द्यायची गरज नसते. तुमचा तेव्हाचा आकडा एकशेसत्त्याऐंशी लेखी आहे ना? मग जा, कामाला लागा.

मी कामाला लागले. पण तो आकडा माझा नाही, धाकटे. तो तुझा आहे.

तुला ते आठवतं की नाही कोण जाणे, मला तर सारखं दिसतंय. तू तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होतीस, लशीच्या खोलीत तुझी पाळी होती. मी नवी लागलेली. लस मी डोळे मिटून तीन वेळा घेतली, पण रक्त काढायची वेळ आली तेव्हा आदल्या दिवसापासून तुझ्या मागे लागले होते, की माझं तूच दे, बहिणीबहिणींचं रक्त एकच. तू 'बघू' म्हणालीस. खुर्चीत बसले, तू दंडाला रबर बांधलंस, आणि पुढचं मला माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी बाकावर होते, आणि टेबलावर दोन भरलेल्या नळ्या होत्या, दोन्हींवर चिठ्ठ्या लावून झालेल्या. मी विचारलं, दोन्ही तुझ्याच ना? तू हसलीस आणि माझ्या हातात तुझा गोड चहा दिलास.

तुझा पक्केपणा असा की माझ्या कोपराच्या खळग्यातही तू कापूस चिकटवला होतास, कोणाला शंका नको. पडताना टेबलाला लागलं असणार, तिथे आठवडाभर निळं-हिरवंही होतं. नाटक तर नाटक, रंगभूषेसकट.

म्हणून तुझा आकडा हवाय. दोन्ही नळ्या तुझ्याच दंडातल्या असतील तर तुझ्याही कार्डावर एकशेसत्त्याऐंशीच्या आसपास असेल. आणि मग माझा आकडा कधीच कोणी पाहिला नाही. लस घेऊनही शंभरातल्या पाच-दहा जणांना ती लागतच नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. लागली नसेल तर आठवायला आत काही नाही.

डॉक्टरला मी हे सांगितलं नाही. सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, मग रक्त कोणाचं? आणि दुसरा, नळी कोणी भरली? तू आता तिकडे नव्या नर्सांना रक्त काढायला शिकवतेस. तुझ्यावर बालंट नको.

माझ्यावरही नको, हे खरं.

ताई

५ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

उत्तर नाही. काका म्हणाले, तू विचारलंस की बाईंचा रंग कसा आहे. काका पडले चादरींतले तज्ज्ञ, म्हणाले, पांढरा.

घरी कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना वाटतंय मी भांडारपालावर चिडले आहे. माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. नेलकटर दप्तरात घालून हिंडते. काल ह्यांनी नखं काढायला मागितलं, मी म्हटलं हरवलं. मग त्यांनी घरभर शोधलं आणि मी दप्तर मांडीवर घेऊन बसले, चोरासारखी. लेकीला जन्मल्या जन्मल्या लस दिली होती, तिचं कार्ड तीनदा पाहिलं. ह्यांचं काहीच नाही. त्यांना लहानपणी जे टोचलं ते मास्तरांनी शब्दांनी. आता त्यांना आपणहून लस घ्या म्हणावं तर विचारतील, आजच का आठवलं?

निर्जंतुकीकरणाच्या मोठ्या डब्याचं झाकण आरशासारखं असतं. आज त्यात वाकून मी डोळ्यांचा पांढरा भाग पाहत होते. तीन दिवसांत पिवळं होत नाही, हे मला कळतं. तरी दिवसातून नऊ वेळा पाहिलं. एक मदतनीस बाई म्हणाली, ताई, काजळ घातलंय का? मी म्हटलं, हो, पिवळं. ती हसली. मीही हसले आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आमच्या भिंतीवर एक तक्ता आहे, सुई टोचली तर काय करावं. तो मीच चिकटवला, माझ्याच हाताने, चार कोपऱ्यांना चार पट्ट्या लावून. त्यात शेवटून दुसरी ओळ आहे: लशीने प्रतिकार आलेला नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन द्यावे, शक्यतो चोवीस तासांत, फार तर सात दिवसांत. म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेली आयती फौज उसनी आणायची. सोमवारी सात दिवस होतात. आज चौथा दिवस चालू आहे. इतकी वर्षं ही ओळ पुसताना मी तिच्यावरून फडकं फिरवत आले, वाचली आज.

वडिलांचं आठवतं. त्यांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा तू दर वर्षी त्यांचं रक्त तपासायचीस आणि आकडा दहाच्या खाली गेला की बूस्टर द्यायचीस. ते कुरकुरायचे, की तुझ्या ताईला का नाही टोचत? तू म्हणायचीस, तिची मूत्रपिंडं शाबूत आहेत बाबा, तुमच्या शरीराला आठवण ठेवायला कष्ट पडतात, तिला नाही पडत. ते म्हणायचे, तिला आठवण ठेवायला नाही, विसरायला कष्ट पडतात. माणूस सुयांना बांधलेला असूनही शेरा असा नेमका मारायचा. माझी जीभ त्यांच्याकडून आली. तुला त्यांचे हात आले.

आणि त्या जिभेचं सांगायला हवं, कारण तू उत्तर देत नाहीस त्याचं कारण मी आजवर सगळ्यांना 'वडिलांच्या आजारपणात काहीतरी बिनसलं' असं सांगत आले. बिनसलं नव्हतं. मी बिनसवलं.

मोठ्या मेट्रन राउंडला आल्या होत्या. वडील खुर्चीत, मशीन चालू, तू रजिस्टर घेऊन उभी. मेट्रन म्हणाल्या, इतकं नेटकं रजिस्टर मी या हॉस्पिटलात पाहिलं नाही. तुझं नाव डायलिसिसच्या प्रमुखपदासाठी चाललं होतं, सगळ्यांना माहीत होतं. मला कोण अभिमान वाटला! पण आपल्या घरात अभिमान सरळ कपात देत नाहीत, आधी त्यात मीठ टाकतात. मी म्हटलं, नेटकं असणारच मॅडम, माझ्या तपासणीचं रक्तसुद्धा हिने स्वतःच्या दंडातून भरलंय. सगळे हसले. वडीलही. मेट्रन नाही हसल्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन महिन्यांनी ते पद दुसरीला गेलं आणि तू बदली मागितलीस.

जिन्यात तू मला गाठलं होतंस. इतकंच विचारलंस, "ताई, तुला खरंच तसं वाटतं?"

मी म्हटलं, "अगं, गंमत केली."

तू तरी थांबून राहिलीस, एक पायरी खाली. मला वाटलं, आता रागावणार. तू रागावलीच नाहीस. निघून गेलीस.

आकडा सांग. शिव्या नंतर घाल, त्यांना सात दिवसांची मुदत नाही.

ताई

६ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

तुझी वाट पाहिली नाही. सकाळी जाऊन डॉक्टरला सांगितलं.

दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्याच्या शिपायाने विचारलं, बाई, दार पुसायचंय का? मग आत गेले. डॉक्टर सफरचंद कापत होता. मी म्हटलं, त्या कार्डावरचा आकडा माझा नाही. रक्त माझं नव्हतं. मला रक्ताची भीती वाटते म्हणून मी खोटा नमुना दिला.

रक्त कोणाचं, हे त्याने विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. नळी कोणी भरली? मी म्हटलं, मी बेशुद्ध होते. हे उत्तर मी आधीही एकदा वापरलेलं आहे. त्याबद्दल नंतर लिहीन, आज माझ्याच्याने होणार नाही.

मला वाटत होतं तो म्हणेल, हरकत नाही. या माणसाच्या तोंडून ते वाक्य ऐकायला मी सगळं आयुष्य द्यायला तयार होते. त्याने सुरी खाली ठेवली. टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं आणि बोटाने दिवस मोजले. सोमवार, मंगळवार, बुधवार. धाकटे, ज्याची कशालाच हरकत नसते तो माणूस बोटं मोजायला लागला की काय होतं, ते मी तुला सांगू शकत नाही. माझी पाचावर धारण बसली.

मग तो म्हणाला, "हे तुम्ही रक्त दिलं तेव्हाच, मंगळवारी सांगायला हवं होतं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

लशीचा एक डोस लगेच दिला, डाव्या दंडात. तेव्हा मी पाढे म्हटले नाहीत, आठवलेच नाहीत. इम्युनोग्लोब्युलिन इथे नाही, मध्यवर्ती भांडारातून उद्या येईल. ते द्यायचं, मग लशीचे उरलेले डोस, मग सहा महिने थांबायचं आणि पुन्हा रक्त. सहा महिने. सहा महिने टॉवेल वेगळा, नेलकटर दप्तरात. मी विचारलं, आणि झालाच तर? तो म्हणाला, मोठ्या माणसांत बहुतेकांचा आपोआप बरा होतो. बहुतेकांचा म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. त्या बाजूला जायचंच नाही असं ठरवलंय.

एक मात्र सांगते. मी तुझं नाव घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही. त्याने कार्डाची झेरॉक्स काढून फायलीत लावली आहे. पुढे चौकशी होईल ती माझी होईल. तुला काही लिहायचं नसेल तर नको लिहूस. आकड्याची आता गरज उरली नाही, उद्या सुई येतेय.

ह्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते उठले, माझा टॉवेल त्या वेगळ्या खिळ्यावरून काढला आणि परत आपल्या टॉवेलशेजारी टांगला. मी ओरडले. ते म्हणाले, टॉवेलाने होत नाही एवढं मलाही कळतं, वापरणार नाही, पण तिथे एकटा दिसतो.

ताई

७ फेब्रुवारी, शनिवार

धाकटे,

अकरा वाजता डॉक्टरच्या खोलीत औषधाची पेटी आली, बर्फासकट. मला बोलावणं आलं. मी बाही वर करून बसले होते, आणि दारात काका. हातात मळक्या कपड्यांची पिशवी नव्हती, एक पाकीट होतं. म्हणाले, धाकट्या बाईंनी सांगितलंय, आधी हे द्या, मग चादरी उतरवा.

पाकिटात तुझ्या कार्डाची झेरॉक्स आणि साडेसहा नंबरचे हातमोजे.

शेवटच्या रकान्यात एकेचाळीस.

मला क्षणभर काही कळेना. डोक्यात एवढंच की एकेचाळीस म्हणजे एकशेसत्त्याऐंशी नाही. डॉक्टरने कागद माझ्या हातातून घेतला, फायलीतून माझा काढला, दोन्ही शेजारी ठेवले. एकच दिवस, एकच प्रयोगशाळा, एकामागचे एक क्रमांक. तो म्हणाला, एका दंडातून भरलेल्या दोन नळ्यांत एवढा फरक पडत नाही. ही दोन माणसांची रक्तं आहेत. मी म्हटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल तर? तो म्हणाला, झाली असती तर तुमचा एकेचाळीस. तोही दहाच्या वरच आहे.

मग त्याने झेरॉक्स उलटी केली आणि मला दिली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, रजिस्टरातलं.

'सुई आत होती तेव्हा तुझी शुद्ध गेली. मी बाहेर काढली नाही, नळी भरून घेतली. हातमोजे सात जोड. परत करणे.'

डॉक्टर म्हणाला, "हरकत नाही."

पेटी त्याने परत पाठवली. मी विचारलं, तरी देऊन टाका ना, जिवाला बरं. तो म्हणाला, तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून नाही देत, ज्याला लागेल त्याला लागेल. उलट, काल दिलेला डोस आता परीक्षा घेईल. आठवण असेल तर दोन आठवड्यांत आकडा एकदम उसळेल. नसेल तर नाही. वीस तारखेला रक्त द्या. तुमचं, असं म्हणाला. स्वतःचं.

मी बाही खाली केली. जिवात जीव यायला हवा होता. आला, पण आत आधीपासून दुसरंच काहीतरी बसलं होतं. कोपराच्या खळग्यातला तो कापूस. आठवडाभर निळा-हिरवा दंड. मी जगाला शहाणपण शिकवते, आणि माझ्याच दंडावरची खूण मला बावीस वर्षं वाचता आली नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. माझी तर गाडीही.

जिन्यात तू विचारलं होतंस, तुला खरंच तसं वाटतं? मला वाटलं तू मला दटावतेस. तू विचारत होतीस.

ताई

२३ फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

वीस तारखेला रक्त दिलं. बसून. तंत्रज्ञ म्हणाली, मान फिरवा. मी फिरवली नाही. रबर बांधलं, कातडीला थंड कापूस लागला, कानांत शिट्टी वाजायला लागली आणि खोलीचे कोपरे काळे होऊ लागले. मी नळीकडे पाहत राहिले. आधी काही नव्हतं, मग एक गडद रेघ आली आणि वर चढत गेली. एवढंच असतं ते. मी चिठ्ठी माझ्या हाताने लावली. तंत्रज्ञ म्हणाली, बाई, हे आमचं काम आहे. मी म्हटलं, लावू द्या, जुनी गोष्ट आहे.

मग तीन दिवस. त्यांचं वर्णन करत नाही. ह्यांनी शनिवारी जाऊन लशीचा पहिला डोस घेतला आणि घरी येऊन युद्धावरून आल्यासारखे निजले. काल मी डब्याच्या झाकणात एकदाही पाहिलं नाही, त्याऐवजी झाकणच पालथं घातलं.

आज आकडा आला. सहाशे दहा.

चारावरून सहाशे दहा, चौदा दिवसांत. डॉक्टर म्हणाला, शरीर काहीही विसरलेलं नव्हतं. मी विचारलं, आता पुढचा बूस्टर कधी? तो म्हणाला, नाही. उरलेले डोसही नकोत. कार्ड जपून ठेवा आणि मला सफरचंद खाऊ द्या.

आता ते 'नंतर लिहीन' म्हटलेलं. वडिलांच्या खुर्चीपाशी मी जे बोलले, त्यानंतर मेट्रननी मला त्यांच्या खोलीत बोलावलं होतं. हे तुला माहीत नाही. त्यांनी विचारलं, ते रक्ताचं खरं होतं का? मला 'नाही' म्हणता आलं असतं, किंवा 'ठाऊक नाही, पण माझी बहीण असं करणार नाही.' मला खोट्या नमुन्यासाठी नोकरीवर गदा येईल अशी भीती वाटली. मी म्हटलं, मॅडम, मी तर बेशुद्ध होते. आणि कानांवर हात ठेवून घरी आले. गमतीने तुझं पद गेलं नाही, धाकटे. ते या वाक्याने गेलं.

आज दोन्ही कार्डं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्या वर्षअखेरीला निवृत्त होतायत, खोलीत अर्धी खोकी बांधलेली. मी सगळं सांगितलं, विनोद न करता; मधे एक आला होता, गिळला. त्यांनी कार्डं चष्मा काढून पाहिली.

"मी तिलाही विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, ताईला विचारा."

मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहून दिलं: नमुना माझाच होता, आरोप माझा होता, तो खोटा होता. खाली सही, तारीख. त्यांनी तो तुझ्या जुन्या सेवापुस्तकाच्या प्रतीत लावला आणि एक प्रत तुमच्या हॉस्पिटलकडे आजच्या टपालात टाकली. त्याने तुला नऊ वर्षं परत मिळणार नाहीत. मला त्याची काही किंमत येईल बहुधा. भांडारपालाने आतापासूनच मला 'बाई'ऐवजी 'काय हो' म्हणायला सुरुवात केली आहे.

पण त्याच भांडारपालाने, अर्ज क्रमांक चारनंतर, आज साडेसहा नंबरची एक पेटी पाठवली. मी ती उघडली, सात जोड बाहेर काढले, दोनदा मोजले, एकेक जोड उजवा-डावा लावून घडी घातली आणि स्वच्छ कापडात बांधले. काका दुपारी चादरी भरत होते. पुडकं त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, मळक्या पिशव्यांत नको, पुढे तुमच्या सीटवर ठेवा.

मोजून घे.

ताई